पाठदुखी आणि पिवळे डोळे: एका घरातल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. २०१७ साली माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. २०२४ मध्ये आईची आई त्याच आजाराने गेली. आजोबांना सगळा गाव तात्या म्हणायचा, आजीला आम्ही आक्का म्हणायचो. दोघांचं नातं व्याही-विहिणीचं, रक्ताचं नाही. तात्या कऱ्हाड तालुक्यातले, आक्का तासगावच्या बाजूची.

आजार एकच, पण तो दोघांकडे अगदी वेगळ्या वाटांनी आला. तात्यांचं निदान झालं तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. आक्काची शस्त्रक्रिया होऊ शकली आणि तिला त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ मिळाला. काही भाग गाठ कुठे होती त्याचा, काही भाग नशिबाचा. पण एक भाग असा आहे की जो माहितीमुळे बदलला, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहिते आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. घरातल्यांना विचारून, त्यांना चालेल तेवढंच इथे घेतलं आहे.

तात्या: साखर, मग वजन, मग पाठ

तात्या एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटक, बिनचरबीचं शरीर. तरुणपणी विडी, नंतर चुना-तंबाखू. एकाहत्तराव्या वर्षापर्यंत दवाखान्याची पायरी क्वचितच चढलेले. त्या वर्षी गावात साखर तपासणीचं शिबिर भरलं आणि त्यांची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर निघाली. घरात आधी कुणालाही मधुमेह नव्हता. गोळ्या चालू झाल्या, चहातली साखर गेली, भाकऱ्या मोजून वाढल्या जाऊ लागल्या.

पुढच्या काही महिन्यांत त्यांचं वजन चौसष्ट किलोंवरून छप्पन्नवर आलं. सदऱ्याच्या गळपट्टीत दोन बोटं जाऊ लागली. याला प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. "साखरंनं माणूस वाळतोच की," असं शेजारचे सांगायचे, आणि घरात तर वजन उतरतंय म्हणजे पथ्य लागू पडतंय अशीच समजूत होती. तात्यांनाही त्याचा थोडा अभिमान वाटायचा.

या टप्प्यावर थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची खूण इथे आहे. इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात. तिथे कर्करोगाची गाठ वाढू लागली की पुष्कळदा शरीर इन्सुलिनला जुमानत नाही आणि ते बनवणाऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. त्यामुळे गाठीची दुसरी कोणतीही खूण दिसण्याआधी, काही महिने ते दोनतीन वर्षं, साखर वाढलेली असू शकते. म्हणजे काही माणसांमध्ये मधुमेह हा या कर्करोगाचा परिणाम असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्यांपैकी एक टक्क्याहून थोड्या कमी लोकांमध्ये पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग सापडला. शंभरातला एकही पूर्ण नाही. त्यामुळे साखर निघाली की घाबरून सीटी स्कॅन करायला धावण्यात अर्थ नाही. पण ज्याची साखर उतारवयात अचानक वर गेली आणि त्याच सुमारास वजन काही न करता उतरू लागलं, त्याच्या बाबतीत हा हिशेब बदलतो. नव्याने झालेल्या साध्या मधुमेहात माणूस बहुधा जाडजूड असतो किंवा त्याचं वजन आधीच्या वर्षांत वाढत आलेलं असतं. बारीक माणसाला सत्तरीत पहिल्यांदा साखर निघते आणि तो आणखी बारीक होत जातो, तेव्हा "असं का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

मग पाठ दुखू लागली. बरगड्यांच्या खाली, मध्यभागी, पोटातून आरपार मागे गेल्यासारखी. दिवसा कमी, रात्री जास्त. उताणं झोपलं की वाढायची. तात्या पलंगावर बसून मांडीवर उशी घ्यायचे आणि तिच्यावर पुढे वाकून पहाट करायचे. एक्स-रे निघाला, मणक्याची झीज दिसली. सत्तरी ओलांडलेल्या कुणाच्याही एक्स-रेमध्ये ती दिसते. कमरेचा पट्टा आला, मलमं आली, पित्ताच्या गोळ्या आल्या. जेवण निम्म्यावर आलं होतं. त्याचा दोष गोळ्यांना दिला गेला.

स्वादुपिंड असतं जठराच्या मागे, कण्याच्या पुढे, आडव्या ठेवलेल्या कणसासारखं, साधारण पंधरा सेंटीमीटर लांब. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं, ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेलं. डावीकडे निमुळती होत गेलेली शेपटी प्लीहेपर्यंत. इतकं आत असल्यामुळे हाताला गाठ लागत नाही. मधल्या किंवा शेपटीच्या भागात गाठ वाढली तर तिच्या वाटेत लवकर काही अडत नाही, म्हणून ती बोलते उशिरा. बोलते तेव्हा मागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून, म्हणजे पाठीतून. पुढे वाकल्यावर आराम आणि उताणं झोपल्यावर त्रास, हे या दुखण्याचं खास वळण आहे. मणक्याच्या झिजेचं दुखणं बहुधा हालचालीने, वाकण्याने, ओझं उचलल्याने वाढतं.

पोटाची सोनोग्राफीही झाली होती. तिचा अहवाल माझ्याकडे अजून आहे. यकृत ठीक, पित्ताशय ठीक, मूत्रपिंडं ठीक, आणि मग एक ओळ: आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसू शकलं नाही. खाली निष्कर्षात लिहिलं होतं, विशेष दोष आढळला नाही. घरात सगळ्यांनी निष्कर्ष वाचला. अशी ओळ महाराष्ट्रातल्या हजारो अहवालांत असते आणि बहुतेक वेळा तिने काही बिघडत नाही. पण "दिसलं नाही" आणि "ठीक आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचं वजन उतरतंय, साखर नवी आहे आणि पाठ रात्री दुखते आहे, त्याच्या अहवालात ही ओळ असेल तर तपासणी अर्धीच झाली असं धरावं. पुढची पायरी सीटी स्कॅन, तोही शिरेतून औषध देऊन स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने काढलेला.

तात्यांचा सीटी झाला तोवर शेपटीजवळ चार सेंटीमीटरची गाठ होती आणि यकृतात ठिपके होते. यकृतातला तुकडा तपासून निदान पक्कं झालं. चौथा टप्पा. जेमसिटाबिन हे केमोथेरपीचं औषध सलाइनमधून काही आठवडे दिलं गेलं, मग अंगात ते सोसायची ताकद राहिली नाही.

शेवटच्या काळाबद्दल एकच सांगते, पण ते ठासून सांगते. वेदना आटोक्यात येऊ शकतात. तात्यांना मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा घरात चुळबुळ झाली. व्यसन लागेल, ही शेवटची गोळी असते, अशी भीती होती. ती गोळी कुठल्याही दुकानात मिळत नाही हेही खरं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी आमच्यासारख्या ठिकाणाहून त्यासाठी मोठ्या शहरातल्या रुग्णालयातच जावं लागलं. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री तात्या आडवे झोपले. सोबत बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं, एवढं पथ्य सोडलं तर त्या गोळ्यांनी त्यांचं भलंच केलं. परिहार सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी देखभाल (पॅलिएटिव्ह केअर), ही उपचार संपले अशी पाटी नव्हे. ती निदानाच्या पहिल्या आठवड्यातच मागितली पाहिजे.

मधली वर्षं

तात्यांच्या दहाव्याला आलेल्या लोकांना आजाराचं नाव सांगितलं तर ते विचारायचे, "म्हणजे पोटाचा का?" १७ मार्च २०१९ रोजी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच आजाराने गेले. ते त्रेसष्ट वर्षांचे होते. नाकात नळी असलेले, विधानसभेत अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर लोकांनी टीव्हीवर पाहिले होते. त्यानंतर आमच्या भागात पहिल्यांदा स्वादुपिंड हे नाव माणसांच्या तोंडी आलं. नाव कळलं, पण ओळखायचं कसं हे कळलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं काही चाललं नाही, मग आपलं काय, असा अर्थ पुष्कळांनी काढला. मला तो अर्थ फार घातक वाटतो. जगभरात २०२२ या एका वर्षात या आजाराचे सुमारे पाच लाख दहा हजार नवे रुग्ण आणि सुमारे चार लाख सदुसष्ट हजार मृत्यू नोंदले गेले. हे आकडे भीतिदायकच आहेत. पण पंधरा-वीस टक्के रुग्णांमध्ये गाठ निदानाच्या वेळी काढण्याजोगी असते, आणि तो गट लहान आहे म्हणून तो नाहीच असं वागून चालत नाही.

आक्का: न दुखता आलेली कावीळ

२०२१ च्या डिसेंबरात आक्काच्या अंगाला खाज सुटली. रात्रभर खाजवून हातांवर ओरखडे उठले. कोरड्या थंडीची खाज म्हणून खोबरेल तेल लावणं चाललं. मग लघवी चहासारखी गडद झाली, आणि शौचाचा रंग मातकट पांढरा झाल्याचं तिनेच आईला फोनवर सांगितलं. जुन्या बायका अशा गोष्टी सहसा बोलत नाहीत. ती बोलली म्हणून पुढचं सगळं घडलं. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता. डोळे पिवळे.

शेजारणीने तिला काविळीचं औषध देणाऱ्यांकडे न्यायची तयारी केली होती. आमच्या भागात अशी घराणी आहेत. कुणी नाकात कडू रसाचे थेंब टाकतं आणि पिवळं पाणी गळतं, कुणी माळ घालतं. त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसतो याचं कारणही साधं आहे. पोरासोरांना, तरुणांना दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. औषध घेतलं, कावीळ उतरली, नाव झालं. पण उतारवयात, न दुखता, खाज आणि पांढरट शौचासह आलेली कावीळ ही बहुधा यकृत सुजल्याची कावीळ नसते. ती पित्ताची नळी कुठेतरी दाबली गेल्याची असते. ती नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते.

आईने त्याच दिवशी सोनोग्राफी करायला लावली. तात्यांच्या वेळचं सगळं तिने सून म्हणून पाहिलं होतं. पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या. सीटीमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यात अडीच सेंटीमीटरची गाठ, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या, यकृत स्वच्छ. काढता येण्याजोगी.

पुढचा निर्णय अवघड होता: शस्त्रक्रिया कुठे करायची. व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात तिला. अमेरिकेतले शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिची पद्धत मांडली. बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच तशी एक केली होती. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात, आणि मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर हे तिन्ही आतड्याला पुन्हा जोडतात. धोका जोडांमध्ये असतो. जिथे अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात तिथे मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं. जिथे वर्षाकाठी एखाददुसरी होते तिथे ते बरंच जास्त असतं. म्हणून जवळच्या रुग्णालयाचा आग्रह सोडून आम्ही मुंबईतल्या मोठ्या केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांना मामाने सरळ विचारलं, "तुमच्याकडं म्हैन्याला किती होतात?" त्यांना राग आला नाही. हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाने विचारावा. खर्चाचा काही भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागला. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव एकसारखं असावं एवढंच त्यासाठी आधी पाहून ठेवायला हवं.

शस्त्रक्रियेनंतर जेमसिटाबिन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या अशी केमोथेरपी झाली. तीन-चार औषधांचा जास्त तीव्र उपचार तिच्या वजनाला झेपला नसता. या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ती कुणी सांगत नाही. स्वादुपिंड अर्धं गेलं की अन्न पचवणारे पाचकरस कमी पडतात. शौच तेलकट, तरंगणारं, दुर्गंधी होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यासाठी पाचकरसांच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणासोबत, पहिल्या घासाबरोबर आणि जेवण लांबलं तर मध्ये पुन्हा घ्यायच्या असतात. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, आणि दुधाच्या पेल्याबरोबरही. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतल्या तर त्या अन्नाला भेटतच नाहीत. आक्काला आधी तशाच दिल्या जात होत्या. वेळ बदलली आणि दोन आठवड्यांत वजन स्थिरावलं.

त्या कॅप्सूलमधले पाचकरस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असतात. आक्का माळकरी, जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. हे तिच्यापासून लपवावं असं घरातल्या काहींचं मत पडलं. मी आणि आईने ते मानलं नाही. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "औषीद म्हणून घेते. पांडुरंगाला मी सांगीन." त्या वर्षीच्या आषाढीला चालत जाणं शक्य नव्हतं, पण गाडीने पंढरपूरला जाऊन ती कळसाचं दर्शन घेऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात मामेभावाच्या लग्नात जेवणावळीच्या मांडवात खुर्ची टाकून बसली आणि कुणाच्या पानात काय कमी आहे ते ओरडून सांगत होती. २०२४ च्या सुरुवातीला आजार उलटला, यकृतात, आणि एप्रिलमध्ये ती गेली.

तिचा जीव वाचला नाही. म्हणून माहितीचा उपयोग झाला नाही असं मला कुणी म्हटलं तर मी त्या लग्नातला तिचा आवाज आठवते.

काउंटरवरचं कार्ड

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा जागतिक स्वादुपिंड कर्करोग दिन. जांभळा त्याचा रंग. त्या दिवशी लोक लक्षणांच्या लांबलचक याद्या एकमेकांना पाठवतात: पोटदुखी, अपचन, थकवा, भूक मंदावणं, पाठदुखी. अशी यादी वाचून कुणाला काय कळणार? यातलं काही ना काही प्रत्येकालाच असतं. यादीने एक तर सगळे घाबरतात, नाहीतर कुणीच घाबरत नाही. मला पटलं ते असं की माहिती योग्य क्षणी, योग्य जागी माणसाच्या हातात पडली पाहिजे.

म्हणून दुकानात एक छोटं कार्ड ठेवलं. त्यावर कर्करोग हा शब्द पहिल्या ओळीत नाही, कारण तो दिसला की माणूस कार्ड उलटं ठेवतो. दोनच प्रश्न आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, साखर पहिल्यांदाच निघाली आणि वजनही आपोआप उतरतंय का? वय पन्नाशीच्या पुढे, न दुखता डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज आहे का? असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि स्वादुपिंडाबद्दल विचारा. पोटदुखी आणि गॅस यांना कार्डावर जागा द्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. त्यांच्यासाठी लोक सीटी मागत फिरले असते.

कार्ड कुठे द्यायचं हेही महत्त्वाचं. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांची साखर, रक्तदाब आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. त्यात स्वादुपिंड नाही, आणि ते बरोबरच आहे. लक्षणं नसलेल्या सर्वांना तपासण्याजोगी चाचणी अजून कुणाकडेच नाही. सीए १९-९ नावाची रक्तचाचणी तपासणीच्या पॅकेजमध्ये विकली जाते, पण साध्या खड्याने पित्त अडलं तरी ती वाढते, आणि काही लोकांच्या रक्तात ती मोजते तो घटक तयारच होत नाही. पैसे द्यायचे आणि चुकीची भीती किंवा चुकीचा दिलासा घरी न्यायचा. उपचार चालू असताना डॉक्टरांनी मागितली तर गोष्ट वेगळी. पण साखर तपासणी मात्र घरोघरी होते, आणि वजनकाटा तिथेच असतो. आमच्या भागातल्या आशाताईंना मी एवढंच विनवलं: ज्याची साखर नव्याने निघेल त्याचं वजन लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. त्यांच्या डोक्यावर आधीच डोंगराएवढी कामं आहेत, तरी बहुतेकींनी ते केलं.

काविळीचं औषध देणाऱ्या एका काकांकडेही मी गेले. भांडायला गेले नव्हते. त्यांच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, आक्काचं सांगितलं. पोरांना औषध द्या, मी काही म्हणत नाही, पण पन्नाशीच्या पुढचं माणूस खाजवत आलं तर आधी सोनोग्राफीला धाडा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, "पोरी, म्हातारं मानूस आमच्याकडं मरावं असं आमालाबी वाटत न्हाई." त्यांनी पाठवलेल्या एका बाईंना पित्तनलिकेत खडा निघाला. दुर्बिणीतून काढला आणि त्या बऱ्या झाल्या. तोही अडथळाच होता, आणि तोही तसाच राहिला असता तर जिवावर बेतलं असतं. दुसऱ्या एका गृहस्थांची गाठ काढण्यापलीकडे गेलेली होती, पण नळीत धातूची जाळी बसवल्यावर त्यांची खाज थांबली आणि ते शेवटचे महिने नीट झोपले.

तंबाखूबद्दल कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. विडी-सिगारेटने या आजाराचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न जाळता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूलाही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं कारण मानलं आहे. लोकांना तंबाखू म्हटलं की फक्त तोंड आठवतं.

"घराला लागलंय का?"

दोन मृत्यू झाल्यावर हा प्रश्न कानावर येणारच होता. कुणी संसर्ग म्हणालं, कुणी विहिरीचं पाणी, कुणी वास्तू. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तात्या आणि आक्का तर वेगवेगळ्या घराण्यांतले. पण रक्तातून काही येतं का, हा प्रश्न खरा आहे. सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये त्याची मुळं घराण्यात असतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे वडील १९५३ मध्ये, बहीण रूथ १९८३ मध्ये, भाऊ बिली १९८८ मध्ये आणि बहीण ग्लोरिया १९९० मध्ये, चौघंही स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. ती चौघंही सिगारेट ओढायची. स्वतः कार्टर कधी ओढत नव्हते आणि ते शंभराव्या वर्षी, २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले. एका घराच्या उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण रक्त आणि तंबाखू एकत्र आले तर काय होऊ शकतं याची कल्पना येते.

आक्काच्या उपचारांत मुंबईला जनुक समुपदेशकांनी आमच्याकडून वंशावळ काढून घेतली. या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक चाचणी करावी अशी आता शिफारस आहे. एक तर नातेवाइकांना कळतं. दुसरं म्हणजे बीआरसीए जनुकात दोष असेल तर रुग्णावर प्लॅटिनमयुक्त औषधं अधिक चालतात आणि ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा पर्याय उघडतो. आक्काच्या रक्तात काही सापडलं नाही. पण समुपदेशक बाईंनी सोबत आलेल्या वडिलांकडे वळून विचारलं, "आणि तुमच्या बाजूला?" तात्यांचं सांगितलं. मग आत्याचं निघालं: तिला २०११ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, उपचार होऊन ती ठणठणीत आहे. तात्यांची आईही छातीच्या गाठीने गेली असं जुन्या माणसांकडून ऐकलेलं. आमच्या घरात या गोष्टी तीन वेगळ्या दुःखांच्या म्हणून ठेवलेल्या होत्या. कागदावर त्या एका खाली एक आल्या.

अशा वेळी चाचणी आधी आजार झालेल्या जिवंत व्यक्तीची करतात. आत्याच्या रक्तात बीआरसीए२ चा दोष सापडला. हा दोष स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी माहीत असतो, पण तो पुरुषांतूनही पुढे जातो आणि स्वादुपिंडाचा, पौरुषग्रंथीचा (प्रोस्टेटचा) धोकाही वाढवतो. प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. वडिलांनी रक्त दिलं, त्यांच्यात नाही. म्हणजे माझ्यात आणि भावातही तो त्यांच्याकडून आलेला नाही. धाकट्या काकांमध्ये आहे.

काकांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "पोरीचं लग्न जमायचंय. हे बाहेर जाता कामा नये." मला त्यात चूक काढावीशी वाटत नाही. आपल्याकडे मुलीच्या घराण्यात आजार आहे म्हटलं की स्थळं कशी मागे फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लोकांनी शहाणं व्हावं म्हणून एखाद्या बापाने आपल्या मुलीला पणाला लावावं ही अपेक्षा अन्याय्य आहे. म्हणूनच इथे गावाचं नाव नाही आणि काही तपशील बदलले आहेत.

काकांनी तंबाखू सोडली. ते आता वर्षातून एकदा मुंबईला जातात. एका वर्षी एमआरआय, पुढच्या वर्षी दुर्बिणीच्या टोकावरून स्वादुपिंड जवळून पाहणारी सोनोग्राफी. ज्यांच्या घरात हा आजार आणि असा दोष दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी पन्नाशीच्या आसपास ही निगराणी सुरू करतात. त्यात सापडलेल्या गाठी लवकरच्या टप्प्यातल्या असण्याचं प्रमाण जास्त असतं. निरुपद्रवी पाण्याच्या फुग्यांवरून उगाच धास्ती बसण्याचीही शक्यता असते, आणि गेल्या वर्षी काकांना तसा एक फुगा दिसून तो निरुपद्रवी ठरेपर्यंतचे आठवडे फार वाईट गेले. आत्याने बीजांडकोश काढून घेतले.

चुलत बहीण सव्वीस वर्षांची आहे. तिला सगळं माहीत आहे, काकूने सांगितलं. चाचणी करायची की नाही, आणि केली तर कधी, हे तिने ठरवायचं आहे. समुपदेशकांकडे एकटीने जाऊन बोलायचं आहे एवढंच तिने मला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यातली वेळ मी तिला घेऊन दिली आहे.